घाट, पाऊस आणि लांबचा पल्ला: सायकलचं चाक कसं निवडावं

दुकानात चाक हातात आलं की बहुतेक जण आधी ते उचलून बघतात. हलकं निघालं की खूश. मग आस बोटांत धरून चाक फिरवतात आणि ते किती वेळ फिरतंय यावर हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याची, पारख करतात. या दोन्ही परीक्षांत पहिलं आलेलं चाक भर पावसात ताम्हिणी घाट करून आल्यावर कसं असेल, हे त्यातून अजिबात कळत नाही. वजन हा चाकाचा सगळ्यात सहज मोजता येणारा गुण आहे, म्हणून जाहिरात त्याचीच होते.

गिअरची हायब्रिड किंवा रोड सायकल वर्ष-दोन वर्षं चालवली, कंपनीचं चाक सारखं आउट होतंय, मागच्या तारा तुटायला लागल्यात आणि आता एकदाच नीट चाक बांधून घ्यायचंय, अशांसाठी हे लिहितोय. रोजचं ऑफिस, रविवारचा सिंहगड, कोकणातली टूर, पुढेमागे २००-३०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड), एवढा वापर धरला आहे. शर्यतीवाल्यांचं गणित वेगळं असतं. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: तुमच्या गावात उघडून दुरुस्त करता येईल असं हब घ्या, तारांवर कंजूषी करू नका आणि चाक बांधणाऱ्याच्या मजुरीवर घासाघीस करू नका. रिम झिजणारीच वस्तू आहे. चांगलं हब दोन-तीन रिमांना सहज पुरतं.

पहिली पायरी: आपली सायकल मोजा

काही विकत घेण्याआधी मागचं चाक काढा आणि ते जिथं बसतं तिथलं फ्रेमच्या दोन्ही बाजूंमधलं आतलं अंतर पट्टीने मोजा. १३० मिलिमीटर आलं तर रिम-ब्रेकची रोड सायकल, १३५ आलं तर बहुतेक हायब्रिड आणि जुन्या एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक. १४२ किंवा १४८ असेल तर १२ मिलिमीटरचा थ्रू-एक्सल असतो, म्हणजे आरपार जाणारी जाड आस. पुढे साधारण १०० मिलिमीटर, नव्या एमटीबींत ११०. जुनी स्टीलची फ्रेम १२६ ची असेल तर ती थोडी फाकवून १३० चं हब बसवतात. ॲल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमवर हा प्रयोग करू नका.

मग टायरच्या बाजूवरचा आकडा वाचा, पण इंचांचा नाही. ‘३७-६२२’ असा जो आकडा असतो तो खरा. पहिला टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर जिथं बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. इंचांच्या भाषेत फार घोळ आहे. आपल्याकडच्या काळ्या, आडव्या दांड्याच्या सायकलचं २८ इंची चाक ६३५ चं, ‘७००सी’ ६२२ चं आणि एमटीबीवाले ज्याला २९ म्हणतात तेही ६२२ चंच. २६ इंचांत एमटीबीचं ५५९ आणि लेडीज सायकलचं ५९०. दुकानदार ‘अठ्ठावीसची रिम आहे’ म्हणाला की लगेच पैसे काढू नका, आधी ६२२ का ते विचारा.

डिस्क ब्रेक असेल तर रोटर (ब्रेकची चकती) सहा बोल्टचा आहे की मधे एकाच कड्याने आवळायचा सेंटरलॉक, तेही बघून ठेवा. दोन्ही चांगले आहेत. फरक एवढाच की सेंटरलॉक हबवर अडॅप्टर लावून सहा बोल्टचा रोटर चालवता येतो, उलटं जमत नाही.

दुसरी पायरी: फ्रीव्हील आहे की कॅसेट

फ्रीव्हील आणि कॅसेट हे मागच्या गिअरच्या चकत्यांच्या गठ्ठ्याचे दोन प्रकार. ओळखायची पद्धत सोपी आहे. चाक काढून गिअर हाताने उलटे फिरवा आणि मधे जिथं पान्याचे दाते बसतात त्या भागाकडे बघा. तो गिअरबरोबर फिरला तर कॅसेट, जागच्या जागी थांबला तर फ्रीव्हील.

स्वस्त गिअरच्या सायकलींवर अजूनही फ्रीव्हील असतं आणि मागची आस वाकण्याचं किंवा तुटण्याचं मूळ बऱ्याचदा तिथंच असतं. फ्रीव्हील हबच्या आट्यांवर चढवतात, त्यामुळे उजवीकडचे छर्रे गिअरच्या आत, चाकाच्या मध्याकडे सरकतात. छर्ऱ्यांपासून फ्रेमपर्यंतची आस आधाराशिवाय लटकते. सहा-सात गिअर असतील तर हे लटकणं आणखी वाढतं. पाठीवर सामान, समोर खड्डा आणि दहा मिलिमीटरची आस, मग व्हायचं तेच होतं. शिमानोने १९७८ मध्ये फ्रीहब आणलं, म्हणजे कॅसेट जिच्यावर चढते ती फिरती दांडी हबचाच भाग केली, तेव्हा उजवीकडचं बेअरिंग पार बाहेर, फ्रेमच्या जवळ नेलं आणि हे दुखणं मिटलं. म्हणून नवं चाक बांधताय तर कॅसेटचंच हब घ्या. जुनं फ्रीव्हील वाचवायला नवं फ्रीव्हील-हब घेण्यात अर्थ नाही.

तिसरी पायरी: छर्रे की सीलबंद बेअरिंग

इथं घाई करू नका. हब चांगलं की वाईट हे मुख्यतः इथंच ठरतं.

पहिला प्रकार कप आणि कोनचा. सुटे छर्रे, त्यांना बाहेरून कप, आतून आसेवर फिरवून बसवलेला कोन. शिमानोची बहुतेक हबं याच पद्धतीची आहेत. मागे साधारण पाव इंची छर्रे, प्रत्येक बाजूला नऊ. पुढे तीन-सोळांश इंची, बाजूला दहा. ही मापं कुठल्याही तालुक्याच्या गावात सायकलच्या दुकानात मिळतात आणि उघडायला १३ व १५ मिलिमीटरचे पातळ कोन-पाने लागतात. कोन खराब झाला तर नवा घालता येतो. कप मात्र हबमध्ये दाबून बसवलेले असतात, ते वेगळे मिळणार नाहीत असंच धरून चाला. कपात खड्डे पडले की हब संपलं. म्हणजे कप-कोनचं हब तुमच्याकडून शिस्त मागतं: पावसाळा संपला की उघडायचं, जुनं ग्रीस पुसायचं, नवे छर्रे, नवं ग्रीस. एवढं करणाऱ्याला ते पुष्कळ वर्षं साथ देतं. न करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

नवं कप-कोन हब पेटीतून काढून तसंच चाकात बांधू नका. स्वस्त हबांत बऱ्याचदा ग्रीस नावापुरतं असतं आणि कोन गरजेपेक्षा घट्ट आवळलेला असतो. आस दोन बोटांत धरून हळू फिरवा. वाळू अडकल्यासारखी खरखर जाणवली किंवा अडकत-अडकत फिरली तर कोन सैल करून बघा. क्विक-रिलीजच्या, म्हणजे पान्याशिवाय खटक्याने चाक आवळायच्या, हबमध्ये आणखी एक खुबी आहे. क्विक-रिलीज आवळलं की आस किंचित दाबली जाते आणि छर्रे घट्ट होतात. म्हणून चाक हातात असताना केसभर हलणारं ठेवायचं. सायकलवर बसवून आवळल्यावर ते हलणं नाहीसं व्हायला हवं. बरेच मेकॅनिक हातातच एकदम चोख बसवतात, मग रस्त्यावर ते हब स्वतःलाच दळत राहतं.

दुसरा प्रकार सीलबंद बेअरिंगचा. खराब झालं की अख्खं बेअरिंग काढून नवं घालायचं. याचा मोठा फायदा म्हणजे बेअरिंगवर छापलेला आकडा. ६९०२ म्हणजे आतून १५, बाहेरून २८, जाडी ७ मिलिमीटर. ६००१ म्हणजे १२, २८ आणि ८. ६९०३ म्हणजे १७, ३० आणि ७. ही मापं जगभर एकच आहेत, सायकलपुरती नाहीत. त्यामुळे सायकलच्या दुकानात मिळालं नाही तरी चिंचवड, सातपूर किंवा कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागातल्या बेअरिंगवाल्याकडे मिळण्याची शक्यता बरीच. आकड्यापुढे ‘२आरएस’ बघून घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. नुसतं ‘झेडझेड’ असेल तर पत्र्याचं झाकण, ते आपल्या चिखलापुढे टिकत नाही. ओळखीच्या दुकानातून घ्या, बेअरिंगांत नकली माल भरपूर फिरतो.

हब घेण्यापूर्वी दुकानदाराला विचारायचा प्रश्न: ‘यात कुठल्या नंबरची बेअरिंगं आहेत?’ उत्तर मिळालं नाही किंवा कंपनीने स्वतःचंच विचित्र माप वापरलं असेल तर ते हब कितीही देखणं असो, सोडून द्या. बेअरिंग बसवताना दाब नेहमी बाहेरच्या कड्यावर द्यायचा. आतल्या कड्यावर हातोडी मारून बसवलेलं बेअरिंग त्याच दिवशी जायबंदी होतं, फक्त कळतं नंतर.

सुरुवातीच्या त्या हवेतल्या परीक्षेचं काय? चांगलं रबरी सील आणि भरपूर ग्रीस असलेलं नवं हब हवेत लवकर थांबतं. कोरडं, सील नसलेलं हब खूप वेळ फिरतं. वजन पडल्यावर टायर आणि वारा यांच्यापुढे सीलचा विरोध किरकोळ असतो. सीलचा खरा शत्रू एकच, वॉशिंग सेंटरवरचा पाण्याचा जोरदार फवारा. तो हबवर कधीही मारू देऊ नका.

फ्रीहब

पायडल थांबवल्यावर जो टकटक आवाज येतो तो फ्रीहबच्या आतल्या कुत्र्यांचा, म्हणजे दातांत अडकणाऱ्या छोट्या खटक्यांचा. मोठा आवाज म्हणजे भारी हब, असा एक समज पसरलाय, त्यात तथ्य नाही. आवाज रचनेवर आणि ग्रीस किती आहे यावर ठरतो.

दात किती, हा दुसरा गाजणारा मुद्दा. ३६ टप्प्यांचं फ्रीहब प्रत्येक १० अंशांना पकडतं, ५४ चं ६.७ अंशांना, १८ चं २० अंशांना. दगडधोंड्यांत एमटीबी चालवणाऱ्याला फरक जाणवतो. डांबरी रस्त्यावर, घाट चढताना पायडल सतत फिरतच असतं, तिथं ३६ पुरेसे आहेत आणि १८ वरही कुणाचं अडत नाही.

महत्त्वाचं काय, तर फ्रीहबच्या, कॅसेट बसते त्या दांडीचा प्रकार आणि धातू. शिमानोचं जुनं एचजी माप सर्वांत सोयीचं, त्याच्या कॅसेट सगळीकडे मिळतात. रोडच्या ११ गिअरसाठीची एचजी दांडी १.८५ मिलिमीटरने लांब असते. त्यावर आठ ते दहा गिअरची कॅसेट १.८५ चा वायसर घालून बसते, म्हणून शंका असेल तर लांबच घ्या. मायक्रो स्प्लाइन आणि एक्सडी ही नव्या १२ गिअरवाल्यांची मापं, तुमच्याकडे त्या कॅसेट नसतील तर नाद सोडा. धातू ॲल्युमिनियमचा असेल तर सुट्या सुट्या गिअरचे दात दांडीत रुततात आणि कॅसेट काढताना साखळी-पट्ट्याच्या पान्यावर लटकावं लागतं. वजनदार सायकलस्वाराने स्टीलची दांडी घ्यावी. काही ग्रॅम वाढतील, वाढू द्या.

किती भोकं

पुढे-मागे ३२, हे माझं ठरलेलं उत्तर. वजन ९० किलोच्या वर असेल किंवा पॅनिअर (कॅरिअरच्या बाजूच्या पिशव्या) लावून टूरला जाणार असाल तर मागे ३६. २४-२८ तारांची कंपनीची चाकं दिसायला छान असतात आणि हलक्या माणसाला चालतातही, पण एक तार तुटली की चाक इतकं आउट होतं की ब्रेकला किंवा फ्रेमला घासायला लागतं. ३६ तारांचं चाक एक तार गेली तरी डुलत डुलत घरी आणतं.

आपल्या दूधवाल्याच्या सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात. ही इंग्रजी पद्धत. मागच्या चाकावर वजन जास्त पडतं, म्हणून तिथं तारा जास्त. कॅनभर दूध घेऊन वर्षानुवर्षं धावणाऱ्या त्या सायकलकडून, पुढे-मागे सारखंच हवं या हट्टापायी आपण हे शिकायचं सोडून दिलं.

हबच्या कडेला तार वळून अडकते, तो साधा प्रकार घ्या. डोक्याकडे सरळ असणाऱ्या तारा लागणारी हबं टाळा. रत्नागिरीत तार तुटली तर वळणाची तार मिळेल, सरळ तार मिळणं कठीण. विणकाम तीन क्रॉसचं, म्हणजे प्रत्येक तार वाटेत तीन तारांना छेदते. पुढच्या चाकाच्या तारा क्रॉस न करता सरळ लावण्याची फॅशन रिम-ब्रेकच्या हलक्या चाकापुरती ठीक. डिस्क ब्रेकच्या हबवर तसं करायचंच नाही, कारण ब्रेकचा पीळ हबकडून रिमकडे तारांमधूनच जातो.

तारा आणि निपल

तार स्टेनलेसचीच घ्या. लोहचुंबक लावून ओळखायला जाऊ नका, तार खेचून बनवताना चांगलं स्टेनलेसही थोडंफार चुंबकाला चिकटायला लागतं. डीटी स्विस, सॅपिम, पिलर ही नावं भरवशाची.

साधी तार सगळीकडे २ मिलिमीटर जाड असते, दुकानात तिला १४ गेज म्हणतात. त्याहून चांगली म्हणजे टोकांना २ आणि मधे १.८ मिलिमीटर असलेली डबल-बटेड. मधे बारीक तार जास्त टिकते, हे ऐकायला उलटं वाटतं. तारा एका झटक्याने क्वचित तुटतात. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ताण कमी-जास्त होतो आणि हबजवळच्या वळणावर थकवा साचत जातो. मधला बारीक भाग थोडा ताणला जाऊन ते धक्के झेलतो आणि वळणाला आराम मिळतो. मागच्या उजव्या बाजूला ताण सर्वाधिक, तिथं हवी तर साधी २ ची घाला. बाकी तिन्ही बाजूंना बटेड घ्याच.

लांबी नीट काढून घ्या, चूक एक मिलिमीटरच्या आत हवी. त्यासाठी हबच्या कडेवरच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, मध्यापासून दोन्ही कडांचं अंतर आणि रिमच्या आत निपलचं, म्हणजे तार रिमला आवळणाऱ्या छोट्या नटाचं, डोकं बसतं तिथला व्यास लागतो. शेवटचं माप स्टिकरवर विसंबून घेऊ नका. दोन जुन्या तारा कापून, निपल लावून, रिमच्या समोरासमोरच्या भोकांत घालून स्वतः मोजा. मागच्या चाकात उजव्या आणि डाव्या तारांच्या लांबीत एक-दोन मिलिमीटरचा फरक पडतो, डिस्कच्या पुढच्या चाकातही पडतो. ‘सगळ्या एकाच मापाच्या घाला, चालतंय’ म्हणणाऱ्याकडून चाक बांधून घेऊ नका.

निपल पितळेचे. ॲल्युमिनियमचे रंगीत निपल मोहात पाडतात, पण अलिबाग ते वेंगुर्ला असा किनारा केला की खाऱ्या हवेत ते तारेच्या आट्यांना धरून बसतात. पुढे चाक आउट काढायला गेलं की कडा गोल होतात किंवा निपल फुटतात.

रिम थोडक्यात

डबल-वॉल, म्हणजे दुहेरी भिंतीची, घ्या. २८ ते ३८ मिलिमीटरच्या टायरला आतली रुंदी १९ ते २१ मिलिमीटर बरी. रिम-ब्रेक असेल तर बाजूला झीज दाखवणारी खोबण किंवा टिंब आहे का बघा. पावसात लाल मातीचा चिखल ब्रेक-पॅडमध्ये अडकून रिमला पॉलिश पेपरसारखा घासतो, खोबण दिसेनाशी झाली की रिम बदलायची. वरंध किंवा आंबोलीचा लांब उतार रिम-ब्रेकने उतरणाऱ्याने कार्बन रिमच्या नादी लागू नये, सतत ब्रेक धरल्याने तापून ती खराब होऊ शकते. टायरची कड पकडणारा हुक नसलेल्या रिमवर ५ बारच्या, म्हणजे साधारण ७२ पीएसआयच्या वर हवा भरायची नसते आणि टायरही त्या रिमला चालणारा लागतो. नवशिक्याने हुक असलेलीच रिम घ्यावी. आणि वाल्वचं भोक बघा. बारीक प्रेस्टाचं ६.५ मिलिमीटर, मोटारसायकलसारख्या वाल्वचं ८.५.

रात्रीच्या बीआरएमचा विचार असेल तर पुढचं चाक बांधतानाच डायनॅमो-हबचा, म्हणजे फिरता फिरता दिव्यासाठी वीज बनवणाऱ्या हबचा, विचार करा. ६ व्होल्ट, ३ वॉट, बॅटरीची चिंता नाही. नंतर घालायचं म्हटलं तर सगळं चाक उलगडून पुन्हा बांधावं लागतं.

शेवटची पायरी: बांधलेलं चाक ताब्यात घेताना

भारी सुटे भाग आणि ढिसाळ बांधणी यापेक्षा साधे भाग आणि नीट बांधणी केव्हाही बरी. बांधणाऱ्याला ताण मोजायचं मीटर आहे का विचारा. मागच्या उजव्या तारांवर साधारण १०० ते १२० किलोचा ताण हवा, रिम कंपनीने कमी मर्यादा दिली असेल तर तेवढाच. डावीकडे त्याच्या निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत असतो, तो दोष नव्हे, चाक गिअरसाठी एका बाजूला सरकवल्याचा परिणाम आहे.

मीटर नसेल तर कान वापरा. एकाच बाजूच्या तारा एकेक करून छेडत जा, सूर जवळजवळ सारखा लागला पाहिजे. मधेच एखादी भद्द वाजली तर ती सैल आहे आणि पहिली आउट होणार तीच. मग चाक फिरवून ब्रेकजवळ डुलतंय का बघा, अर्ध्या मिलिमीटरच्या आत हवं. वर-खाली उडतंय का तेही बघा, कारण घाईत बांधणारे फक्त डावं-उजवं काढतात. रिम-ब्रेकचं पुढचं चाक उलटं करून बसवा. रिम त्याच जागी दिसली तर ती बरोबर मध्यावर आहे.

नव्या चाकावर बसून निघताना ‘टिंग टिंग’ आवाज आले तर घाबरू नका, पीळ बसलेल्या तारा मोकळ्या होताहेत. चांगला कारागीर तारांच्या जोड्या हाताने दाबून हा पीळ आधीच काढतो. पहिल्या दोन-चार लांब फेऱ्यांनंतर चाक परत त्याच्याकडे न्या आणि हे दुसऱ्यांदा बघणं मजुरीतच आहे, हे आधी बोलून ठेवा.

चाक घेतानाच प्रत्येक लांबीच्या दोन-दोन तारा जास्त मागून घ्या. निपलसकट त्या मागच्या फ्रेमच्या नळीला चिकटपट्टीने बांधून ठेवा. उजवीकडची तार बदलायला कॅसेट काढावी लागते, म्हणून लांबच्या टूरला लॉकरिंग (कॅसेट आवळणारं कडं) काढायचं छोटं साधन आणि स्पोक-चावीही पिशवीत हवी. तुमच्या निपलला चावीचा कुठला खाचा घट्ट बसतो ते घरीच पाहून त्यावर खूण करून ठेवा, सैल खाच्याने निपलच्या कडा जातात.